वास गेला तो उन्हाळा

होळी झाली की सोलापुरात तांब्यातलं पाणीसुद्धा कोमट लागायला लागतं. सकाळी आठलाच ऊन अंगणाच्या मध्यावर येऊन बसतं. दुपारी भिंतीला पाठ टेकावी तर भिंतच पाठ भाजते. गिरणीचा भोंगा तापलेल्या पत्र्यावरून घसरत आल्यासारखा ऐकू येतो. यंदाही तेच. काल संध्याकाळी अंगणात सडा मारला, मातीचा वास वर आला आणि मी बादली हातात तशीच धरून उभी राहिले. वास येतोय, असं स्वतःशी म्हणून पाहिलं. दहा-बारा वर्षं झाली, पहिल्या सड्याला मी एवढं करतेच. तो एक उन्हाळा आमच्या घरावरून गेला तेव्हापासून.

माझे वडील, दस्तगीर, गिरणीच्या मोठ्या इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर बटलर होते. आई जाऊन सात वर्षं झाली होती. बेगम पेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहायचो. मी मुलींच्या मराठी शाळेत शिकवत होते. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण माझा सगळा अभ्यास मराठीत झाला, म्हणून आठवणीसुद्धा बऱ्याचशा मराठीतच येतात. अब्बांचा आवाज तेवढा मूळच्या बोलीत येतो.

अब्बा पाच वेळचे नमाजी. आणि त्यांचं सगळं आयुष्य गेलं वाइनच्या बाटल्यांत. पंधराव्या वर्षी पुण्याच्या लष्कर भागात एका म्हाताऱ्या बटलरच्या हाताखाली लागले, ते चाळीस वर्षं तेच काम. या चाळीस वर्षांत त्यांनी एक थेंब जिभेला लावला नव्हता. पेठेतले काही लोक मागून ‘शराबवाला’ म्हणायचे. लग्नकार्यात कुणी त्यांच्या हातचं पाणी घेताना किंचित थांबायचं. मला राग यायचा. अब्बा म्हणायचे, “हाताकू लगती, धो डालतूं. जबानकू नईं लगती. अल्लाकू मालूम है, बस.”

मग त्यांना वाइन कळायची कशी? नाकानं. त्या म्हाताऱ्या बटलरनं त्यांना असंच शिकवलं होतं. एक चांगली बाटली उघडायची, शेजारी एक बिघडलेली, आणि म्हणायचं, हुंग. पुन्हा हुंग. डोळे मिटून सांग कुठली कुठली. वर्षभर हेच. बूच काढलं की अब्बा आधी ते बूच नाकाशी न्यायचे, मग पेल्यात बोटभर ओतून पेला हळूच फिरवायचे, आणि क्षणभर डोळे मिटायचे. तेवढ्यात त्यांना सगळं समजायचं. ओल्या गोणपाटासारखा वास आला तर बुचाला बुरशी धरलीय. आंबट डंख नाकात गेला तर हवा शिरून सिरका झालाय. करपलेल्या पाकासारखा वास आला तर बाटली कुठंतरी उन्हात शिजलीय. यातलं काही नसेल तरच ती टेबलावर जायची. साहेबाच्या पाहुण्यांना वाटायचं, या गावात, या उकाड्यात, या साहेबाकडं वाइन कधी खराब निघत नाही. ती निघायची. त्यांच्यापर्यंत पोचायची नाही, इतकंच.

त्या वर्षी थंडी सरता सरता अब्बा तापानं पडले. तीन आठवडे अंथरुणावर होते. डॉक्टर रोज येऊन छातीला नळी लावून ऐकायचे. ताप उतरला, अब्बा हिंडू-फिरू लागले, बंगल्यावर जायलाही लागले. जेवताना मात्र दोन घास खाऊन उठायचे. मला वाटलं, अशक्तपणा आहे, जाईल.

एक दिवस शाळेतून आले तर दारातच भपकारा आला. त्या काळी घरात मेलेला उंदीर निघणं म्हणजे प्लेगची पहिली चाहूल. मी पदर नाकाला लावून आत गेले. अब्बांच्या खोलीत पेटीच्या मागं उंदीर मरून सडला होता. आणि त्या पेटीला टेकून अब्बा शांतपणे बटणाला टाका घालत बसले होते.

“अब्बा, वास नाही येत तुम्हाला?”

त्यांनी सुई खाली ठेवली. मग म्हणाले, “कित्ते दिन का था?”

एवढंच विचारलं. मी उंदीर चिमट्यानं उचलून बाहेर नेला, रॉकेल टाकून जाळला, खोली फिनेलनं धुतली. गल्लीत बाहेर तोंडाला फडकी बांधून उभे असलेले शेजारी फिनेलच्या वासानं खोकायला लागले. अब्बा ओल्या फरशीवर उभे होते, आणि मी पाहिलं, ते तो वास घ्यायचा प्रयत्न करत होते. नाकपुड्या फुगवून, पुन्हा पुन्हा. सुदैवानं प्लेग आमच्या गल्लीत आला नाही. पण त्या दिवसापासून आमच्या घरात एक गुपित राहायला आलं.

“साहेबाला सांगा,” मी म्हटलं.

“क्या बोलूं? आंधळ्या ड्रायव्हरला कुणी गाडी देतं का?” हे ते मराठीत म्हणाले. घरात फार मनाला लागलेलं असलं की अब्बा मराठीत बोलायचे.

मग चैत्रात शाळेला सुटी लागली, आणि अब्बांनी मला एक वही आणायला सांगितली. म्हणाले, मी सांगतो ते लिहून घे, उद्या कुणाला तरी लागेल. कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. मी रोज दुपारी त्यांचा डबा घेऊन बंगल्यावर जायची, आणि मागच्या पायरीवर, भांडीघराच्या दाराशी बसून ते मराठीत उतरवून घ्यायची. समोर पडवीला टांगलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर माळी पाणी मारत असायचा. तो गार, गोडसर वास सबंध पडवीत पसरायचा. अब्बा सवयीनं एकदा खोल श्वास घ्यायचे आणि मग सांगायला लागायचे.

“लिही. वाइन जिवंत चीज आहे. ब्रँडी, व्हिस्की यांची वाढ संपलेली असते, त्यांना उभं ठेवलं तरी चालतं. उलट आडवं ठेवलं तर त्या बूच खातात. वाइनला आडवं झोपवायचं, म्हणजे बूच आतून ओलं राहतं. उभी ठेवली की बूच वाळतं, आक्रसतं, आणि हवा आत शिरते. हवा आत गेली की खलास.”

“लिही. तिला तीन दुश्मन. ऊन, उजेड आणि हादरा. चौथा कांदा. कांदा, रॉकेल, मासळी, काहीच तिच्या शेजारी नको.”

बंगल्याखाली एक तळघर होतं. अब्बांनी मला एकदा खाली नेलं. बारा पायऱ्या. वर धग पेटलेली आणि खाली एकदम घागरीत उतरल्यासारखं. जमिनीवर वाळू पसरलेली. तिच्यावर दिवसातून दोनदा पाणी शिंपडायचं, आणि तिच्यात ओळीनं निजवलेल्या बाटल्या. अब्बा तिथं हळू आवाजात बोलायचे, पाळण्याजवळ बोलतात तसे. पोर्ट नावाच्या गोड वाइनच्या जुन्या बाटलीवर चुन्याचा एक पांढरा फराटा असतो, तो मला दाखवला. ती बाजू कायम वर ठेवायची, कारण गाळ खालच्या अंगाला वर्षानुवर्षं बसलेला असतो. वाढायच्या आदल्या दिवशी बाटली अलगद उभी करायची, गाळ तळाला जाऊ द्यायचा. मग मेणबत्ती पेटवून बाटलीच्या मानेमागं धरायची आणि एका हातानं न थांबता काचेच्या चंबूत ओतत जायचं. मानेत काळी रेघ दिसली की थांबायचं. उरलेल्याचा लोभ धरायचा नाही.

पांढरी आधी, लाल नंतर. हलकी आधी, जड नंतर. गोड सगळ्यांत शेवटी. पेला अर्ध्याच्या वर भरायचा नाही, वास जमायला जागा लागते. पेला धरायचा तो दांडीला, पोटाला नाही. हाताच्या उबेनं ती तापते. पहिला घोट यजमानाच्या पेल्यात ओतायचा, बुचाचे कण आले तर त्याच्याकडं जावेत, पाहुण्याकडं नाही. ओतून झाल्यावर मनगट जरासं फिरवायचं, म्हणजे थेंब टेबलाच्या कापडावर पडत नाही. शॅम्पेनला बर्फात आणि पाण्यात तासभर ठेवायचं, आणि उघडताना बूच धरून बाटली फिरवायची, बूच नाही. आवाज यायचा तो सुस्काऱ्याएवढा. ‘फाट्दिशी उडवतो तो बटलर नव्हे, सर्कसवाला,’ असं अब्बा म्हणायचे आणि हसायचे. त्या उन्हाळ्यात ते एवढ्या एकाच वाक्याला हसले असावेत.

“लाल वाइनला विलायतेत खोलीच्या हवेवर वाढतात, असं पुस्तकात असतं,” ते म्हणाले. “आपल्या खोलीची हवा म्हणजे भट्टी. पुस्तक बाजूला ठेव. तळघरातून वर आणली की लगेच वाढायची.”

वही अजून माझ्याकडं आहे. मी कधी वाइन प्यायले नाही, पिणारही नाही. ज्यांनी सांगितली त्यांनीही चाखली नव्हती. तरी ती वाचताना मला वाटतं, एखाद्या गोष्टीकडं इतकी वर्षं इतक्या अदबीनं पाहिलं तर ती माणसाला काहीतरी कळू देतेच. फार तर पूर्ण कळू देत नाही.

एरवी साहेबाची वाइन मुंबईहून थंडीत यायची. त्या वर्षी उशीर झाला, आणि पेट्या ऐन चैत्रात आल्या. मालगाडीचा डबा स्टेशनाबाहेर तीन दिवस उन्हात उभा होता. पेट्या उघडल्या तेव्हा काही बाटल्यांची बुचं वर सरकली होती आणि मानेला चिकट ओघळ वाळले होते. त्या अब्बांनी डोळ्यांनीच बाजूला काढल्या. पण बाकीच्या? वरून साऱ्या सारख्याच. त्यांतल्या निम्म्या आत शिजलेल्या असणार. कुठल्या, ते सांगणारं नाक आता नव्हतं. आणि साहेबाकडं दर शनिवारी पाहुणे.

हे पहिल्यांदा ओळखलं ते पास्कूनं. पास्कू बंगल्याचा स्वयंपाकी. गोव्याचा, साष्टीकडचा, अब्बांच्याच वयाचा. पोट सुटलेलं, गळ्यात क्रुसाची माळ, कायम घामानं निथळणारा. रविवारी चर्चहून आला की तो थोडी घ्यायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कामाच्या दिवशी नाही, हेही. वीस वर्षं दोघं एकाच बंगल्यात होते. एकाच्या हातचं दुसऱ्यानं कधी खाल्लं नव्हतं, कारण एकाला हलाल लागायचं आणि दुसऱ्याला डुकराचं आवडायचं. तरी दोघांचं फार जमायचं. मला तो ‘बाय’ म्हणायचा.

त्या दिवशी मी पायरीवर बसले होते. आत अब्बांनी बाटली उघडली, बूच नाकाशी नेलं, पेला फिरवला, पुन्हा नाकाशी नेला. पुन्हा. पास्कू दारात उभा राहून पाहत होता. शेवटी आत आला, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाला,

“कितें रे दस्तगीरभाय, नाक गेलें?”

अब्बांनी पेला टेबलावर ठेवला. पास्कूनं ओट्यावरचा चहाचा चमचा घेतला, पेल्यातून चमचाभर वाइन घेतली, तोंडात घोळवली, मोरीत थुंकली.

“ही शिजलेली. काढ.” मग दुसरी उघडायला लावली. तीही घोळवली आणि थुंकली. “ही बरी. ही वाढ.”

“पास्कू, हे बरोबर नाही.”

“तुजें नाक गेलें, म्हजी जीब आसा. दोगां मेळून एक बटलर जाता मरे!” दोघं मिळून एक बटलर होतो, असं म्हणून तो स्वतःच हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, “कोणाला नाही सांगणार. तुझ्या पोरीची शपथ.”

असे पाच-सहा शनिवार गेले. दुपारी चारला पास्कू रश्श्याचं पातेलं मंद आचेवर ठेवून भांडीघरात यायचा, चमचा घ्यायचा, चाखायचा, थुंकायचा, मान हलवायचा. अब्बा त्या वेळी त्याच्याकडं पाहायचे नाहीत. बाटल्या पुसत राहायचे. एकदा मला म्हणाले, “आज साहेब मला म्हणाले, बटलर, तुझं नाक म्हणजे चीज आहे. मैं सलाम किया.” आणि जेवणाचं ताट सारून उठले.

वैशाखातला एक शनिवार. झाडाचं पान हलत नव्हतं. साहेब त्या वेळी कधी भांडीघराकडं यायचे नाहीत, त्या दिवशी आले. बर्फ आला का ते विचारायला असावेत. त्यांनी दार ढकललं तेव्हा पास्कूच्या एका हातात क्लॅरेटची, लाल वाइनची, बाटली होती आणि दुसऱ्या हातातला चमचा ओठांशी.

मी पायरीवर होते. मांडीवर वही.

“ये क्या होता है?”

तोंडात वाइन असताना पास्कू बोलणार तरी कसा? त्यानं ती गिळली. आणि ते गिळणं साहेबांना दिसलं.

“बटलर! ये तुम्हारे सामने पीता है?”

अब्बा त्या खोलीतच होते. टेबलापासून दोन हातांवर, खांद्यावर पांढरं फडकं. इथं जे घडलं ते मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. अब्बा म्हणाले,

“मालूम नहीं, साब. मैं अभी अंदर आया.”

पास्कूनं अब्बांकडं पाहिलं. रागानं नाही. ओळखीच्या माणसाला गर्दीत हाक मारावी आणि त्यानं दुसरीकडं पाहावं, तेव्हा माणूस जसं पाहतो तसं. मग त्यानं चमचा टेबलावर ठेवला, अगदी सरळ, जेवणाच्या टेबलावर ठेवतात तसा, आणि म्हणाला, “माफ करो, साब. मी पिलों.”

मी उठून दोन पावलं आत गेले असते तरी पुरलं असतं. ‘साहेब, माझ्या वडिलांना वास येत नाही.’ एवढंच वाक्य. शाळेत मी पोरींना रोज खरं बोलायला शिकवत होते. मी वही मिटली आणि बसून राहिले.

पास्कूला त्याच दिवशी जायला सांगितलं. मागच्या खोलीतून त्यानं आपली पत्र्याची पेटी काढली. तिच्यात सुऱ्या होत्या, फडक्यात गुंडाळलेल्या. साहेबांनी त्याला चिठ्ठी दिली होती. त्या काळी बंगल्यावरच्या नोकराला पुढं काम मिळायचं ते आधीच्या साहेबाच्या इंग्रजी चिठ्ठीवर. पास्कूला इंग्रजी वाचता येत नव्हतं. फाटकाशी मी उभी होते. त्यानं चिठ्ठी माझ्यापुढं धरली.

“कितें बरयलां, बाय? काय लिहिलंय?”

मला वाचण्यापुरतं इंग्रजी येत होतं. दोन ओळी होत्या. पहिलीत लिहिलं होतं, स्वयंपाक उत्तम करतो. दुसरीत लिहिलं होतं, मालकाची दारू चोरून पितो.

मी म्हटलं, “स्वयंपाक उत्तम करतो, असं लिहिलंय.”

“बस?”

“बस.”

त्याचा चेहरा जरा उजळला. “साहेब मनानं बरो,” म्हणाला. चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली, पेटी डोक्यावर घेतली. “बापायक सांभाळ.” आणि स्टेशनच्या रस्त्याला लागला. रस्त्यावरचं डांबर उन्हानं मऊ झालं होतं. त्याच्या चपलांचे ठसे त्यात उमटत गेले. अब्बा वर आलेच नाहीत. तळघरात वाळूवर पाणी शिंपडत होते, संध्याकाळपर्यंत. वाळूचा चिखल झाला.

त्या शनिवारचे पाहुणे दुसऱ्या कारणानं आले नाहीत. पण पुढचा शनिवार आला. नवा स्वयंपाकी आला होता, अबोल, आपल्या कामापुरता. अब्बा दुपारी एकटे तळघरात उतरले. काय झालं ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, अंगणात, भिंतीकडं तोंड करून.

त्यांनी तीन बाटल्या उघडल्या. तिन्हींतून थोडी थोडी ओतली. बराच वेळ बसले. मग पहिल्या पेल्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग दुसऱ्यात. मग तिसऱ्यात.

“मेहरू,” ते म्हणाले, “चालीस साल नईं छुआ, वो छू लिया. और कुच नईं समजा.”

आंबट लागली, तुरट लागली. तिन्ही तशाच. चांगली कशी लागते ते त्यांच्या जिभेला कधी माहीतच नव्हतं, मग वाईट कळणार कुठून? आणि नाकाशिवाय जिभेला आंबट-गोडापलीकडं फारसं काही कळत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यांना सगळं येत होतं. ज्या दारातून वास आत यायचा तेवढंच बंद होतं. मोडायची नव्हती ती शपथ मोडून बसले होते, आणि हातात काही आलं नव्हतं. अंदाजानं एक बाटली उचलली आणि वर नेली.

पाहुण्या बाईंनी पेला तोंडाशी नेला आणि हळूच खाली ठेवला. साहेबांनी हुंगून पाहिलं. टेबलावर सगळे एकदम हवेबद्दल बोलायला लागले. साहेबांनी नुसता पेला अब्बांपुढं सरकवला, उचलून न्या म्हणून.

सकाळी अब्बा साहेबांपुढं उभे राहिले आणि सगळं सांगितलं. ताप, नाक, पास्कूचा चमचा, ‘मैं अभी अंदर आया’. तळघराच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. साहेब दुष्ट नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, नाक गेलं ते मला सांगायला हवं होतं, ते समजू शकलो असतो. बाकीचं नाही. अब्बांनी हात जोडून एकच गोष्ट मागितली, पास्कूला नवी चिठ्ठी. ती साहेबांनी लिहून दिली. चांगली, लांब, दोन्ही बाजूंनी. त्या दिवशी अब्बा घरी आले तेव्हा खांद्यावर फडकं नव्हतं. चाळीस वर्षं ज्या खांद्यावर ते असायचं तो खांदा मला उगाच खाली गेल्यासारखा वाटला.

पास्कू कुठं आहे ते शोधायला महिना गेला. रेल्वेच्या लोकांत राहणाऱ्या एका गोव्याच्या वाजंत्र्यानं सांगितलं, हुबळीत आहे, स्टेशनाजवळच्या एका खानावळीत. अब्बांच्या अंगात त्राण नव्हतं, म्हणून मीही निघाले. होटगीला गाडी बदलली. पुढं सबंध वाट खिडकीतून गरम वारा आणि कोळशाची कणी डोळ्यांत. अब्बांनी चिठ्ठी आतल्या खिशात ठेवली होती, आणि दर स्टेशनाला हात लावून पाहत होते.

खानावळ लहान होती. पुढं चार बाकडी, मागं अंधारी मोरी. पास्कू मोरीत उकिडवा बसून पातेली घासत होता. आम्हाला पाहून उठला, हात धोतराला पुसले. पूर्वी तो पाटलोण घालायचा. पोट उतरलं होतं. गळ्यात माळ होती.

“दस्तगीरभाय! बाय! बसा, बसा.”

अब्बांनी बसण्याआधीच चिठ्ठी पुढं धरली. “पास्कू, मी साहेबांना सगळं सांगितलं. ही नवी. यात सगळं खरं आहे.”

पास्कूनं ती घेतली, उघडली नाही. म्हणाला, “बेळगावात सात बंगले फिरलों. सगळे पयली चिठ्ठी वाचत आनी परत देत. सातव्या बंगल्यावरच्या आयानं वाचून सांगितलं मला दुसरी ओळ.” मग माझ्याकडं पाहिलं. “बाय, तू एकच वाचली होतीस.”

मी मान खाली घातली.

“आता ही घेऊन जा की बंगल्यावर,” अब्बा म्हणाले. “कुठंही ठेवतील तुला.”

“जाता आलं असतं.” तो बाकड्यावर बसला, हातांकडं पाहत. “पूण एक झालंय. चमचा तोंडाशी नेला की मागं वळून बघतों. कोण आलां काय. मीठ बघायला सुद्धा चाखवत नाही. स्वयंपाकी चाखणार नाही तर करणार काय? हांगा भांडी घासतों, ती चाखावी लागत नाहीत.” हे त्यानं तक्रारीसारखं सांगितलं नाही. हवापाणी सांगावं तसं सांगितलं.

बाहेर इंजिनाची शिट्टी झाली. मग पास्कूनं विचारलं, अगदी जुन्या आवाजात,

“तुजें नाक? आयलें काय परत?”

अब्बांचं नाक परत आलं नव्हतं. ते पुढंही कधी आलं नाही. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की मी ओळखलं, अब्बा काय म्हणणार ते.

“आलं,” अब्बा म्हणाले. “आलं रे परत.”

“खरेंच?” पास्कू एकदम उठला. दात दिसतील एवढा हसला. “थांब, थांब.” आत गेला आणि झाकलेला वाडगा घेऊन आला. वाडगा अब्बांच्या नाकाखाली धरला आणि झाकण एका बाजूनं बोटभर वर केलं. “ओळख बगूं. डोळे मीट.”

अब्बांनी डोळे मिटले. वाफ त्यांच्या चेहऱ्यावर आली. मी शेजारीच होते. मला वास येत होता, नुसत्या भाताच्या पेजेचा, उकडलेल्या तांदळाचा. खोकावं, पायानं पाय दाबावा, काहीतरी करावं असं वाटलं. काहीच करता आलं नाही.

“मटणाचा रस्सा,” अब्बा म्हणाले.

पास्कूचं हसू तसंच राहिलं. नुसती त्याची नजर माझ्याकडं वळली, आणि माझ्या चेहऱ्यावर जे होतं ते त्यानं वाचलं.

“बरोबर,” तो म्हणाला. “एकदम बरोबर, दस्तगीरभाय.”

त्यानं वाडगा बाकड्यावर ठेवला, झाकण पुरतं काढलं आणि आमच्याकडं पाठ करून मोरीकडं गेला. पातेलं घासल्याचा आवाज सुरू झाला. अब्बांनी डोळे उघडले, आणि पांढऱ्या पेजेकडं कितीतरी वेळ पाहत राहिले. मग दोन्ही हातांनी वाडगा उचलून तोंडाला लावला. वीस वर्षांत पहिल्यांदाच ते पास्कूच्या हातचं काही घेत होते. तळाला पोचेपर्यंत त्यांनी तो खाली ठेवला नाही.